सोळाशे वर्षांपूर्वीचा तुरुंग फोडल्याबद्दल

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात तुला मनापासून सलाम. भावजींना सलाम, आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याला वेगळा सलाम (मागच्या पत्रात तू भावजींविषयी चार ओळी आणि गुडघ्याविषयी दोन पानं लिहिली होतीस, त्यावरून घरात सध्या मान कोणाचा हे कळलं). तुझा रक्तदाब आटोक्यात असेल अशी आशा आहे. नसेल तर आधी गोळी घे आणि मगच पुढे वाच. माझी प्रकृती उत्तम. एक दात कमी झाला आहे, पण तो तसाही नुसता जागा अडवून बसला होता.

पाळकसाहेबांच्या पत्नीने तुला फोन करून "तुमच्या भावाला तुरुंगात नेलं" एवढंच सांगितलं आणि नेमका तेव्हाच त्यांचा फोन बंद पडला. मग तू मला केलास आणि मी "सविस्तर लिहितो" म्हणून ठेवून दिला, याबद्दल तू रागावली असशील. बातमी खोटी नाही, अर्धी आहे, आणि महिनाभर शिळी. मला दुपारी नेलं आणि संध्याकाळी मी घरी होतो. तिथे चहाही दिला, आणि खोटं कशाला बोलू, मी करतो त्यापेक्षा बरा होता.

आता मुळापासून सांगतो. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता थोड्या स्वतःच्या कराव्यात. म्हणून संडे स्कूलच्या मुलांसाठी मी जुन्या काळातल्या साहसकथा लिहायला घेतल्या. जुना काळ, छळ करणारा सुभेदार, लपूनछपून प्रार्थनेला जमणारे लोक, भुयारं, होड्या, आणि एखादी धीट मुलगी. सध्याची गोष्ट सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका बंदरातली आहे. शुभवर्तमानाच्या प्रती हाताने उतरवून काढणारा एक नकलनवीस असतो. सुभेदार त्याला समुद्रातल्या किल्ल्यात कोंडतो, आणि त्याची दहा वर्षांची मुलगी त्याला सोडवायला निघते. दर रविवारी उपासना आटोपली की मागच्या खोलीत मी एक प्रकरण वाचून दाखवतो. ती खोली तुला आठवत असेल, जिथे गायकवृंदाचे झगे टांगलेले असतात आणि मोडकी पेटी आहे (तिची एक पट्टी दाबली की वर येतच नाही, पाळकसाहेबांच्या प्रवचनासारखी). मुलं अकरा. त्यातली दहा गोष्ट ऐकतात आणि अकरावी तपासते.

ही अकरावी म्हणजे नऊ वर्षांची एक मुलगी. मी तिला प्रश्नचिन्ह म्हणतो. बारीक, मान किंचित वाकलेली, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी उभी. छापखान्यात असती तर तिने माझी नोकरी खाल्ली असती. नकलनवीस किल्ल्याच्या खिडकीतून चादरींची दोरी करून खाली उतरायचा बेत करतो असं मी वाचलं, तर हिचा हात वर. "काका, तुरुंगात चादर कुठून आली?" मी म्हणालो, मुलीने पाठवली. "कशी?" मग तिनेच सांगितलं की धुण्याच्या गाठोड्यातून पाठवता येईल, कारण तिची आई एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री करते आणि कपड्यांच्या गाठोड्यात कोणी हात घालून बघत नाही. मी मुकाट्याने लिहून घेतलं. लगेच दुसरा प्रश्न. "गाठ सुटणार नाही का? तुम्ही बांधून बघितली का?"

ताई, या प्रश्नाला "नाही" म्हणणं माझ्या जिवावर आलं. चौतीस वर्षं मी लेखकांना समासात "आधार काय?" असं विचारत आलो होतो. म्हणून सोमवारी सकाळी मी कपाटातल्या चार चादरी काढल्या (त्यातली निळी तू दिलेली, तिच्याविषयी पुढे विचारू नकोस), एकीला एक बांधल्या आणि पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्याला अडकवल्या. स्वतः लोंबकळण्याइतका मी अजून साहित्याला वाहिलेला नाही. माझ्याऐवजी पोत्यात सगळे जुने शब्दकोश भरून ते खाली सोडलं. तिसरी गाठ सुटली. खाली शिंपी दुकान उघडत होता. शब्दकोश त्याच्या ताडपत्रीवर पडले, ताडपत्री त्याच्यावर पडली, आणि तो आतून जे शब्द बोलला त्यातला एकही त्या कोशांत नव्हता. पण माणूस दिलदार. बाहेर येऊन, सगळं ऐकून घेऊन त्याने मला न सुटणारी गाठ शिकवली, चादर पिळून मग बांधायची असते हे दाखवलं, आणि चार चादरी बांधल्यावर दोरी चौदा हात भरते हे गजाने मोजूनही दिलं. मी आनंदाने पुढचं प्रकरण लिहिलं. चौदा हात चादर, पिळून, तीन गाठी, धुण्याच्या गाठोड्यातून आत, मंगळवारी तीन वाजता पहारा बदलतो तेव्हा, खाली मिठाची होडी तयार. इतकं काटेकोर प्रकरण मी जन्मात लिहिलं नव्हतं. प्रश्नचिन्हाने ते ऐकलं आणि पहिल्यांदाच हात वर न करता "हं" म्हणाली. त्या "हं"वर मी आठवडाभर तरंगत होतो.

आता मला जे माहीत नव्हतं ते सांगतो. प्रश्नचिन्हाचे वडील तुरुंगात आहेत. सोळाशे वर्षांपूर्वीच्या नाही, आपल्या इथल्याच, स्टँडच्या पलीकडे लांब पांढरी भिंत आहे त्या. मंडळीत हे बऱ्याच जणांना ठाऊक होतं, पण मला कोणी काही सांगत नाही (मी लगेच व्याकरण सुधारतो म्हणून). आणि ही पोरगी दर आठवड्याला माझ्याकडून प्रकरण मागून न्यायची, ते वहीच्या पानांवर सुवाच्य अक्षरात उतरवायची, वर "प्रिय बाबा" आणि खाली "तुमची लाडकी" लिहायची आणि पोस्टात टाकायची. मधे "ही गोष्ट आहे" असं कुठेही नाही. तिच्या मते ते उघडच होतं.

तुरुंगात आलेलं प्रत्येक पत्र आधी तिथले साहेब वाचतात. म्हणजे त्या साहेबांच्या टेबलावर एक पत्र आलं. प्रिय बाबा, धुण्याच्या गाठोड्यातून चौदा हात कापड आत येईल, मंगळवारी तीन वाजता. तुमची लाडकी.

बुधवारी दोन हवालदार माझ्या दारात. शिंपी कात्री हातात तशीच धरून बाहेर आला आणि, मनात काही नसताना, फक्त मला धीर द्यावा म्हणून मोठ्याने म्हणाला, "काका, घाबरू नका, ती गाठ सुटायची नाही!" हवालदारांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला जीपमध्ये मधोमध बसवलं.

माझ्या गोष्टींत आजवर पाच तुरुंग होऊन गेले, पण खऱ्या तुरुंगात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. मला ओल, उंदीर आणि साखळदंडांची अपेक्षा होती. होतं काय, तर फिनेलचा वास, भिंतीवर घड्याळ, आणि जेलरच्या टेबलावर काचेखाली दोन मुलींचा फोटो. जेलरही जेलरासारखा नव्हता. सडपातळ, चष्मा लावलेला, आवाज इतका हळू की मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. त्याच्यासमोर प्रश्नचिन्हाची सगळी पत्रं तारीखवार लावलेली, आणि त्यांवर लाल पेन्सिलीने, पट्टी धरून, ओळी अधोरेखित केलेल्या. इतकं नेटकं काम आमच्या छापखान्यात एकट्या मलाच जमायचं. संकटातही मला त्या माणसाविषयी आदर वाटला.

"होडी म्हणजे कोण?" त्याने विचारलं.

"होडी म्हणजे होडी."

"आणि नकलनवीस?"

"तो साहेब, सोळाशे वर्षांपूर्वीचा."

"मेला?"

"ते अजून ठरायचं आहे. तेविसाव्या प्रकरणात."

त्याने चष्मा काढून पुसला. "आमचा पहारा मंगळवारी तीनलाच बदलतो. तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी खरं तेच सांगितलं. तीनला माझी दुपारची डुलकी मोडते, म्हणून मला तीन ही वेळ धोक्याची वाटते. या उत्तरावर एक हवालदार खोकला. मग मी पिशवीतून हस्तलिखित काढलं, अठरा प्रकरणं, आणि साहेबापुढे ठेवलं. ताई, तो ते वाचायला बसला. मी समोरच्या खुर्चीत. माझं लिखाण माझ्यादेखत कोणी इतक्या लक्षपूर्वक वाचलेलं नाही, आणि वाचणाऱ्याच्या हातात मला आत टाकायचा अधिकार असावा हे तर प्रकाशकाच्या कचेरीतही घडलं नव्हतं. सातव्या प्रकरणात तो थांबला आणि मान वर केली. चेहरा दुखावलेला.

"तुमचा जेलर जाडा आहे," तो म्हणाला.

मी कबूल केलं.

"दारू पितो. घोरतो. चाव्या पोटावर ठेवून झोपतो. मी बावीस वर्षं या नोकरीत आहे. ड्यूटीवर एकदाही डोळा मिटलेला नाही. माझ्या मुली तुमच्या गोष्टी वाचतील तर त्यांना काय वाटेल?"

पाच तुरुंग बांधले आणि पाचही जेलर एकाच साच्यातून काढले होते. मान खाली घालून बसलो. तोवर खात्री करून घ्यायला म्हणून त्यांनी प्रश्नचिन्हाच्या वडिलांना बोलावलं.

दारात उभा राहिलेला माणूस पाहताच मी ओळखलं. मान तशीच किंचित वाकलेली. ट्रकड्रायव्हर होता. साहेबाने विचारलं, ही पत्रं काय आहेत? तो म्हणाला, "गोष्ट आहे साहेब. पोरगी पाठवते. मी बराकीत वाचून दाखवतो. शनिवारी सगळे वाट बघतात." मग मी कोण हे कळल्यावर त्याने दोन्ही हात जोडले आणि मला म्हणाला, "काका, एक विचारू का? राग मानू नका."

(तुला सांगतो, त्या क्षणी मला कळलं की पोरीने हात वर करायची सवय कुठून उचलली.)

"तुमच्या त्या तुरुंगात सगळेच निर्दोष कसे? एकसुद्धा खरं काही करून आलेला नाही? आमच्या बराकीतला एक म्हातारा ऐकता ऐकता उठून गेला. म्हणाला, या गोष्टीत माझ्यासाठी जागा नाही." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "पोरीला वाटतं, मीपण त्या नकलनविसासारखाच उगाच आत आलोय. तिच्या आईने तिला काही सांगितलेलं नाही. मला धीर होत नाही. मी पिऊन गाडी चालवत होतो, काका. सायकलवरच्या माणसाचा पाय गेला. मीच केलं ते."

साहेब उगाचच पत्रं सारखी करत राहिला. मग त्यानेच चहा मागवला, तिघांना, आणि मला म्हणाला, आता तुम्ही जा, आणि यापुढे पत्रावर "गोष्ट" असं ठळक लिहायला त्या मुलीला सांगा. जाताना हळूच विचारलं, "नकलनवीस सुटतो ना?"

घरी येऊन मी टेबलाशी बसलो तो तीन दिवस उठलो नाही, असं लिहिणार होतो. पण जेवायला उठलो. लिहिलेलं मात्र फाडत राहिलो. अठरा प्रकरणं सरळ धावत गेली होती, आणि एकोणिसाव्यात मला एक खरा गुन्हेगार आणायचा होता. शेवटी तो आला. एक नावाडी. पिऊन नाव हाकली, नाव उलटली, एका माणसाचा हात कायमचा गेला, म्हणून तो किल्ल्यात आहे. दोरी तयार होते तेव्हा तिचं वरचं टोक धरून ठेवायला कोणालातरी मागे राहावंच लागणार असतं, कारण खिडकीला गज नाही की खुंटी नाही. नावाडी म्हणतो, मी धरतो. बाकीचे सगळे निर्दोष आहेत, मी नाही, माझी शिक्षा मी पुरी करून येईन. आणि तो धरतो. जेलरही मी बदलला. आता तो सडपातळ आहे आणि जागा असतो. संध्याकाळी त्याला कोठडीत एकटा नावाडी दिसतो, तळहात सोललेले. तो काही विचारत नाही, तेल आणून देतो.

हे प्रकाशकबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, मुलांच्या साहसकथेत पापी माणूस कशाला? मी म्हणालो, बाई, पापी वगळायचे ठरवले तर संडे स्कूलच काय, अख्खी मंडळी बंद करावी लागेल, आणि पहिलं कुलूप माझ्या घराला लागेल. त्या विचार करते म्हणाल्या. अजून करताहेत.

पण मला धाकधूक होती ती रविवारची. वाचताना माझा आवाज दोनदा गेला (मुलांना वाटलं मी अभिनय करतोय, त्यांना आवडलं). वाचून संपलं. दहा मुलं नावाड्यावर तुटून पडली, तो सुटायलाच हवा होता वगैरे. प्रश्नचिन्हाचा हात खालीच. सगळी गेली, खुर्च्या एकावर एक रचून झाल्या, तरी ती झग्यांच्या खुंटीपाशी उभी.

"त्या नावाड्याला मुलगी होती?"

"होती."

"तिला माहीत होतं, त्याने काय केलं ते?"

"नव्हतं."

ती एका झग्याची बाही उगाच दुमडत राहिली. मग म्हणाली, "सांगायला पाहिजे होतं. ती रागावली असती. पण भेटायला गेली असती."

मी त्याच संध्याकाळी तिच्या आईला भेटायला लाँड्रीत गेलो. वाफेत उभी राहून ती बाई इस्त्री करत होती. मी जे झालं ते सांगितलं. तिने इस्त्री उभी केली, कपाळ पुसलं आणि म्हणाली, "मी तिला वाचवत होते असं मला वाटत होतं. खरं तर मलाच त्यांचं तोंड बघायचं नव्हतं." पुढच्या भेटीच्या दिवशी मायलेकी दोघी गेल्या. मी फाटकाबाहेर बाकावर थांबलो, माझी तिथे ओळख आहे म्हणून. (हवालदाराने मला "काय काका, गाठ कशी आहे?" असं विचारलं.) आत वडिलांनी सगळं, उठून गेलेल्या त्या म्हाताऱ्यासकट, स्वतःच्या तोंडाने सांगितलं. पोरगी बाहेर आली ती दगडासारखी. रडली नाही, आईचा हातही धरला नाही. दोन रविवार संडे स्कूलला आली नाही. माझी झोप उडाली, ताई. वाटलं, मी कोण मोठा लागून गेलो की एका पोरीच्या बापाला तिच्यापासून काढून घेतलं? गोष्टीत दोरी तुटली तर पुन्हा लिहिता येते. इथे कसं लिहिणार?

तिसऱ्या रविवारी ती आली. हात पुढे केला. मी एकोणिसावं प्रकरण दिलं. पेटीच्या झाकणावर वही ठेवून तिने तिथेच उतरवायला घेतलं. मी पाठमोरा होऊन फळा पुसत राहिलो (फळ्यावर काही नव्हतं), आणि मग न राहवून तिच्या खांद्यावरून डोकावलो. वर लिहिलं होतं: "प्रिय बाबा, मी अजून रागावलेली आहे. गोष्ट. प्रकरण एकोणीस. हे त्या म्हाताऱ्यांना पण वाचून दाखवा."

तर असा मी तुरुंगात गेलो आणि असा सुटलो. तब्येतीला जप. भावजींना सांग, जिने कमी चढा.

तुझा,
मधला

ता.क. सही बघून तू थबकली असशील. बारा वर्षं मी तुला "तुझा भाऊ" अशी सही करत आलो, कारण तू म्हणाली होतीस, मला एकच भाऊ. आज हात आपोआप "मधला" लिहून गेला. खोडावं असं वाटलं नाही.

ता.क. दुसरं. ताई, पत्र एवढं लांबलं ते तुरुंगामुळे नाही. आपला धाकटा गेले नऊ दिवस माझ्याकडे आहे. आईच्या शेवटच्या आजारपणात तुला एकटीला टाकून तो निघून गेला, मातीलाही आला नाही. यातलं काहीही मी सौम्य करून सांगणार नाही, आणि तोही करत नाही. कुठे होता, का गेला, हे मी विचारलेलं नाही. तुला आधी सांगायचं आहे, म्हणतो. केस सगळे पांढरे झालेत. तू मला फोन केलास तेव्हा तो समोर बसला होता. तुझा आवाज ऐकून उठून गॅलरीत गेला, म्हणून मी फोन ठेवला.

ता.क. तिसरं आणि शेवटचं. येत्या शनिवारी मी त्याला घेऊन तुझ्याकडे येऊ का? नको असेल तर नको म्हण, मी समजेन, आणि तुझ्यावर कोणतंही प्रकरण लिहिणार नाही. हो असेल तर एवढंच कर. दार तूच उघड, आणि काय बोलायचं ते आधी तूच बोल. रागाचं बोललीस तरी चालेल. रोज सकाळी आरशासमोर उभा राहून तो पहिलं वाक्य पाठ करतो, आणि "ताई" या शब्दापुढे त्याला अजून जाता आलेलं नाही.